बेळगावातून जागतिक संस्कृतींची पदवी: विषय ठरवण्यापासून प्रवेशापर्यंत

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि आपल्याकडे गदारोळ उठला. कंपनीने सुरुवातीला या चपलेचं मूळ सांगितलंच नव्हतं. टीका झाल्यावर प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं तिने मान्य केलं. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून आहे, आणि त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे. म्हणजे याच जिल्ह्यातल्या अथणीत बसून चपलेची वेणी घालणाऱ्या बाईचा आणि मिलानच्या डिझायनरचा संबंध थेट जोडला गेला. वस्तू एका मुलखातून दुसऱ्या मुलखात गेली की तिचा अर्थ कसा बदलतो? नक्षीवर हक्क कुणाचा? पैसा कुठे जातो? आणि जिने ती चप्पल केली, तिला यावर काय म्हणायचं आहे? जागतिक संस्कृतींच्या पदवीत असेच प्रश्न घेऊन तीन-चार वर्षं काम करायचं असतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून सेकंड पीयू, म्हणजे कर्नाटकातली बारावी, करणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो: पदवीच्या नावाच्या मागे लागू नका. एक प्रदेश, त्या प्रदेशाची एक भाषा आणि माणसांत जाऊन अभ्यास करण्याची पद्धत, या तीन गोष्टी जिथे पक्क्या शिकवतात तो कोर्स घ्या. माहितीपत्रकावर नाव काहीही असो.

पहिली पायरी: कोणत्या नावाखाली शोधायचं

'ग्लोबल कल्चर्स' अशी पाटी परदेशातल्या काही विद्यापीठांत दिसते. आपल्याकडे हाच अभ्यास वेगवेगळ्या विभागांत विखुरलेला आहे. मानवशास्त्र, समाजशास्त्र, परकीय भाषा आणि साहित्य, तुलनात्मक साहित्य, लिबरल आर्ट्स ही नावं शोधा. मानवशास्त्र हा त्यातला सर्वांत जवळचा विषय, आणि मराठीत त्याची परंपरा मोठी आहे. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशातला. बर्लिनला जाऊन त्यांनी डॉक्टरेट केली आणि पुढची अनेक वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये काढली. महाराष्ट्रातली नातीगोती, जाती, वारी यांच्याकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहायला त्यांनी शिकवलं.

एक सावधगिरी. काही विद्यापीठांत मानवशास्त्र विज्ञान शाखेत येतं आणि त्यात शरीररचना, अनुवंशशास्त्र असतं. दिल्ली विद्यापीठातला मानवशास्त्राचा ऑनर्स कोर्स बीएस्सीचा आहे. पीयूला आर्ट्स घेतलेल्यांनी पात्रतेचा रकाना वाचल्याशिवाय अर्ज भरू नये.

दुसरी पायरी: आपला प्रश्न शोधा

बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि दुसऱ्या वर्षाला नेमके इथेच अडकतात. 'मला जगातल्या संस्कृती आवडतात' एवढ्यावर कोर्स निभावत नाही. प्रश्न हवा. आणि सीमाभागातल्या मुलाला तो घरातच मिळतो.

घरात मराठी, शाळेच्या बोर्डावर कन्नड, शेजारी उर्दू, खानापूरच्या पलीकडे कोकणी, कॉलेजात इंग्रजी. हे सगळं आपल्याला इतकं सवयीचं झालं आहे की त्यात अभ्यासाजोगं काही आहे असं वाटतच नाही. आता युरोपात बघा. आल्प्सच्या कुशीतला दक्षिण तिरोल हा जर्मनभाषक मुलूख पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या तहाने, ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या काळात तिथल्या जर्मन शाळा बंद पडल्या, गावांची नावं बदलली. दुसऱ्या महायुद्धानंतर लांबलचक वाटाघाटी झाल्या, प्रश्न संयुक्त राष्ट्रांतही गेला, आणि १९७२ साली नव्या स्वायत्ततेचा कायदा लागू झाला. आज तिथे जर्मन आणि इटालियन अशा वेगवेगळ्या शाळा आहेत आणि सरकारी नोकरीसाठी दोन्ही भाषा येत असल्याचा दाखला लागतो. आल्सास तर १८७१ पासून १९४५ पर्यंत फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात चार वेळा इकडून तिकडे गेलं.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा आपल्याकडचा इतिहास ज्याने घरात आजोबांकडून ऐकला आहे, त्याला हे वाचताना जे प्रश्न पडतील ते पुण्या-मुंबईच्या मुलाला सहसा पडणार नाहीत. गावाचं नाव बदललं की माणसं रोजच्या बोलण्यात कोणतं नाव वापरतात? शाळेचं माध्यम निवडताना आई काय विचार करते आणि बाप काय? सीमाप्रश्नावर तुमची भूमिका कोणतीही असो, अभ्यासाला बसल्यावर दुसऱ्या बाजूच्या माणसाचं म्हणणंही तितक्याच कान देऊन ऐकावं लागेल. ते जमणार असेल तर या विषयात तुम्ही खूप पुढे जाल.

प्रश्न सीमेचाच हवा असंही नाही. खानापूर तालुक्यात आणि शेजारच्या हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आले. त्यांतल्या अनेकांना पोर्तुगीज आणि अरब व्यापाऱ्यांनी गुलाम म्हणून आणलं. मुंडगोडला तिबेटी निर्वासितांची वसाहत १९६० च्या दशकापासून आहे, आणि गांदेन व द्रेपुंग हे तिबेटातले मोठे मठ तिथे नव्याने उभे राहिले आहेत. हलशी ही कदंबांची जुनी राजधानी. बेळगावच्या किल्ल्यात तेराव्या शतकाच्या सुरुवातीची कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, आणि त्याच तटाच्या आत मशीदही आहे. आफ्रिका, तिबेट, पोर्तुगाल यांच्या अभ्यासाची सुरुवात एसटीच्या तिकिटात होते, हे भाग्य थोड्या जिल्ह्यांना लाभलं आहे.

एका वहीत असे पाच प्रश्न लिहून काढा. महिन्याने परत वाचा. जो तेव्हाही सुटत नाही असं वाटेल, तो तुमचा.

तिसरी पायरी: भाषा

प्रदेश ठरला की भाषा आपोआप ठरते, पण पोटापाण्याचाही विचार करा. जर्मन आणि जपानी यांना पुणे आणि बंगळूरच्या कंपन्यांत मागणी आहे. फ्रेंच आली की युरोपाबरोबर आफ्रिकेचा मोठा भाग खुला होतो. पोर्तुगीज ही आपल्या भागासाठी फार दुर्लक्षित भाषा आहे. गोव्याची जुनी कागदपत्रं त्या भाषेत आहेत, गोवा विद्यापीठात ती शिकवली जाते, आणि ब्राझील, अंगोला, मोझांबिक हे देश ती बोलतात. इतिहासाची ओढ असलेल्या बेळगावच्या विद्यार्थ्याला मी डोळे मिटून पोर्तुगीज सुचवीन.

पातळ्या समजून घ्या. युरोपीय भाषांना ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा पायऱ्या आहेत. बी१ म्हणजे रोजचे व्यवहार निभतात. त्या भाषेत शिकायचं किंवा नोकरी करायची तर बी२ ते सी१ लागतं. जपानीच्या परीक्षेत एन५ सर्वांत सोपी आणि एन१ सर्वांत अवघड. ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि पुण्यात केंद्र आहे. जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन आणि फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज पुण्यात आणि बंगळूरलाही आहे, आणि दोन्हीकडे ऑनलाइन वर्ग चालतात. घरी बसून इग्नूचे परकीय भाषांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रमही करता येतात. पीयूच्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत ए१ केली, तर भाषा आपल्याला झेपते की नाही हे पदवीत पैसे घालण्याआधीच कळतं.

चार भाषांची ए१ प्रमाणपत्रं भिंतीवर लावून काही मिळत नाही. एकच घ्या आणि बी२ गाठा.

कन्नडबद्दल थोडं. बोलता येत असेल तर वाचायलाही शिका. हलशीचे, सौंदत्तीचे शिलालेख, धारवाडची ग्रंथालयं, यल्लम्माच्या डोंगरावर येणाऱ्या भाविकांची गाणी, हे सगळं कन्नडशिवाय अर्धंच हाती लागतं. मराठी आणि कन्नड दोन्हीत मुलाखत घेऊ शकणारा अभ्यासक कोणत्याही संशोधन संस्थेला हवाच असतो.

चौथी पायरी: प्रवेशाचे रस्ते

जवळचा रस्ता आधी. बेळगावातल्या कॉलेजांत राणी चन्नम्मा विद्यापीठाची बीए आहे. समाजशास्त्र, इतिहास, इंग्रजी असे विषय घेऊन शेजारी बाहेरून परकीय भाषा करायची, हा कमी खर्चाचा आणि मुळीच कमी प्रतीचा नसलेला मार्ग आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे. पदवीनंतर तिथे एमए करता येतं आणि बेळगावहून धारवाड सुमारे ८० किलोमीटर. निपाणीकरांना तर सीमा ओलांडायला पाच मिनिटं पुरतात. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज निपाणीला खेटून असलं तरी कोल्हापूर जिल्ह्यात आहे आणि शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं आहे.

इथे एक फरक लक्षात ठेवा. कर्नाटकाने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षाची ऑनर्सची सोय आहे. युरोपात तीन वर्षांच्या पदवीवर मास्टर्सला सहसा अडचण येत नाही, पण अमेरिकेतली काही विद्यापीठं चार वर्षं मागतात. पुढे अमेरिका डोक्यात असेल तर हे आत्ताच बघा.

दुसरा रस्ता केंद्रीय विद्यापीठांचा, आणि माझ्या मते आपल्या मुलांसाठी हा सर्वांत मोलाचा. दिल्लीच्या जेएनयूमध्ये जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, जपानी, कोरियन, चिनी, अरबी, फारसी अशा भाषांची बीए ऑनर्स आहे. भाषा शून्यापासून शिकवतात आणि सोबत त्या देशाचा इतिहास, समाज, साहित्य. शिक्षण शुल्क नाममात्र आहे. हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठाची बीए अशीच, आणि हैदराबाद आपल्याला दिल्लीपेक्षा जवळ. शांतिनिकेतनात विश्वभारतीचं चीना भवन १९३७ पासून उभं आहे, जपानीसाठी निप्पॉन भवन आहे. कोलकात्याचं जादवपूर विद्यापीठ केंद्रीय नाही, राज्याचं आहे, पण तिथला तुलनात्मक साहित्याचा विभाग १९५६ चा, देशातला पहिला.

केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही परीक्षा आहे. ती १३ भाषांतून देता येते आणि त्यात मराठीही आहे, कन्नडही. ही गोष्ट आपल्याकडे अजून किती घरांत माहीत नाही! मराठी माध्यमातून दहावी करून पीयूला इंग्रजीशी झुंजणाऱ्या मुलीला इतिहासाचा पेपर मराठीतून सोडवता येतो. २०२५ पासूनच्या स्वरूपात प्रत्येक पेपरला ५० प्रश्न, ६० मिनिटं. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकल्यास १ वजा. जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. कोणत्या कोर्सला कोणते पेपर लागतात हे प्रत्येक विद्यापीठ वेगळं ठरवतं, म्हणून आधी कोर्सचं पान उघडा, मगच पेपर निवडा. चुकीचा पेपर निवडला तर चांगले गुणही फुकट जातात. अर्ज साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे नेमके पीयू बोर्डाच्या परीक्षेच्या धामधुमीत निघतात.

तिसरा रस्ता परदेशाचा. इंग्लंडमध्ये बीए तीन वर्षांची, पण परदेशी विद्यार्थ्याची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला २०,००० पौंडांच्या आसपास किंवा पुढे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, मात्र बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. राहण्याखाण्यासाठी व्हिसाच्या वेळी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे आणि तो बदलत असतो. एपीएस नावाचं कागदपत्र तपासणीचं प्रमाणपत्रही भारतीयांना बंधनकारक आहे. आणि नुसत्या बारावीवर तिथे बीएला थेट प्रवेश सहसा मिळत नाही. भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात एक वर्ष यशस्वी केलेलं असावं, नाहीतर तिथे पूर्वतयारीचं वर्ष करावं. म्हणून 'बारावी झाली की लगेच जर्मनी' असं सांगणाऱ्या एजंटाकडून लेखी घ्या, की नक्की कोणत्या विद्यापीठात, कोणत्या कोर्सला.

जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती पदवीसाठीही आहे. एक वर्ष जपानी, मग चार वर्षांची पदवी. फी, विमानभाडं, महिन्याचा भत्ता सगळं त्यात. जागा थोड्या आणि परीक्षा कठीण, तरी प्रयत्न करण्याजोगी. कोरियाचीही अशी सरकारी शिष्यवृत्ती आहे.

पाचवी पायरी: कागदपत्रं आणि पैसा

एसएसएलसी (दहावी) आणि सेकंड पीयूची गुणपत्रिका, टीसी, आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला. कर्नाटक बोर्डातून महाराष्ट्रातल्या विद्यापीठात गेलात तर मायग्रेशन सर्टिफिकेट आणि पात्रता प्रमाणपत्रही. हे सगळं निकालाआधी गोळा करायला लागा.

सर्वांत जास्त त्रास नावाच्या स्पेलिंगचा होतो. मराठीतलं आडनाव कन्नडमध्ये लिहिलं जातं आणि तिथून इंग्रजीत येतं. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बापाच्या रेशनकार्डावर तिसरं. एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या. पासपोर्टही त्याच नावाने काढा.

आरक्षणाचंही नीट समजून घ्या. कर्नाटकातल्या २अ, ३ब या मागासवर्गांच्या याद्या राज्याच्या आहेत. केंद्रीय विद्यापीठांत केंद्राची ओबीसी यादी चालते आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या यादीत नाव आहे म्हणून केंद्रात असेलच असं नाही. त्याचप्रमाणे कर्नाटकातल्या दाखल्यावर महाराष्ट्रात आरक्षण सहसा मिळत नाही, आणि महाडीबीटी या महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या बहुतेक योजनांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो. महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळी तरतूद आहे. बीएला जिथे अर्ज कराल तिथे सीमाभागासाठी काही सवलत आहे का, हे प्रवेश विभागात लेखी विचारा आणि गाव या यादीत असल्याचा व मातृभाषा मराठी असल्याचा दाखला सोबत ठेवा.

केंद्राची एक शिष्यवृत्ती फारसं कुणी लक्षात घेत नाही. आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत वरच्या २० टक्क्यांत असाल आणि घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल, तर पदवीच्या काळात वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करायचा. पुढे परदेशात मास्टर्स करायचं असेल तर अनुसूचित जाती, भटके विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. पण २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातल्या समाजाचा अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले आहेत. हा निर्णय मला फार खटकतो. चपलेच्या कारागिराची मुलगी स्वतःच्याच समाजाच्या अभ्यासासाठी त्या पैशावर परदेशी जाऊ शकत नाही. तिने विषय आखतानाच दुसरा प्रदेश धरावा.

सहावी पायरी: वही

पदवी कुठलीही मिळो, पद्धत स्वतःची स्वतः कमवावी लागते. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला, तिथली भाषा शिकला, आणि लोकांच्या रोजच्या उठण्याबसण्याच्या नोंदी ठेवत गेला. तेव्हापासून माणसांत राहून केलेली नोंद हा या विषयाचा पाया मानतात.

आता नोंद कशी करायची ते बघा. 'गणपत गल्लीत वेगवेगळ्या भाषांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात' ही नोंद नव्हे, हा निष्कर्ष आहे, तोही ऐकीव. नोंद अशी हवी: 'संध्याकाळी सहा, चपलांचं दुकान. गिऱ्हाईक बाई कन्नडमध्ये भाव विचारते. दुकानदार कन्नडमध्ये उत्तर देतो, आकडा मात्र मराठीत सांगतो. पोराला हाक मराठीत. फोन येतो, त्यावर उर्दू. बाई आकडा मराठीतच परत म्हणते आणि दहा रुपये कमी करायला सांगते.' यातून प्रश्न निघतो: आकडे मराठीत का? घाऊक बाजाराची भाषा ती आहे म्हणून, की बाईच्या माहेरची म्हणून? उद्या जाऊन विचारा. जे पाहिलं ते डाव्या पानावर, जे वाटलं ते उजव्या पानावर. बोलणं ज्या भाषेत झालं त्याच भाषेत लिहा. रेकॉर्डिंग आणि फोटोआधी परवानगी घ्या, आणि माणसाचं नाव बदलून लिहा.

चपलेच्या कारागिराकडे गेलात तर आधी चामडं बघा. हिरडा आणि बाभळीची साल घालून ते कमावतात. किती दिवस, पाणी कुठून येतं, साल कोण आणतं, हे विचारा. मग कान, अंगठा, वेणी यांतलं कोणतं काम घरातला कोण करतो ते. मजुरी कुणाच्या हातात पडते ते शेवटी, विश्वास बसल्यावर. एवढं एक घर नीट लिहिलंत, तर पहिल्या वर्षाच्या कुठल्याही सेमिनारमध्ये तुमचा पेपर उठून दिसेल.

नोकरीचं काय

पालकांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. नुसत्या बीएवर नोकरी मिळवून देते ती बी२ पातळीची भाषा: भाषांतर, कंपन्यांचे परदेशी ग्राहक विभाग, पर्यटन. मास्टर्सनंतर संग्रहालयं, प्रकाशन, सामाजिक संस्थांचं संशोधन, आणि नेट या पात्रता परीक्षेनंतर कॉलेजात अध्यापन. यूपीएससीला मानवशास्त्र आणि मराठी साहित्य हे दोन्ही वैकल्पिक विषय आहेत. पगार इंजिनिअरइतका पहिल्या वर्षी मिळेल असं मी कुणाला सांगत नाही. घरावर कर्ज असेल तर आधी बेळगावातच बीए आणि भाषा, मग नोकरी, आणि नंतर शिष्यवृत्तीवर मास्टर्स, हा क्रम धरा.

सध्या पीयूच्या पहिल्या वर्षात असाल तर या सुट्टीत भाषेची ए१ आणि पासपोर्ट. दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात तीन कोर्सची पानं छापून त्यांतले पेपर लाल पेनाने खुणा करून ठेवा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढा. सीयूईटीचा अर्ज उघडला की शेवटच्या तारखेची वाट न पाहता पहिल्या आठवड्यात भरा, माध्यमाच्या रकान्यात मराठी निवडल्याची खात्री करा, आणि भरलेल्या अर्जाची प्रत छापून घरात ठेवा.